उरलेले अधिकार जनतेला

पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये मी बिनधास्त कार चालवायचे. २००४ साली नवऱ्याच्या नोकरीपायी अमेरिकेत आले आणि लायसन्स नाही म्हणून घरात अडकले. इथे ओळखपत्र म्हणूनही तेच दाखवतात. लायसन्स देणारं राज्याचं ऑफिस म्हणालं, आधी सोशल सिक्युरिटी नंबर आणा. नंबर देणारं केंद्राचं ऑफिस म्हणालं, तुमच्या व्हिसावर नोकरी करता येत नाही, म्हणून नंबर नाही. गाडीचं काय ते राज्याला विचारा. राज्याला पुन्हा विचारलं, तर म्हणे व्हिसा हा केंद्राचा विषय! दोन्हीकडच्या बायका इतकं गोड हसून नाही म्हणायच्या की अंगाचा तिळपापड व्हायचा.

एका शनिवारी शेजारच्या काकांकडे पॉटलक होतं, प्रत्येकाने आपापला डबा नेऊन एकत्र जेवायचं. काका नुकतेच सिटिझन झाले होते आणि त्यासाठीच्या परीक्षेचा अभ्यास अजून जिभेवर होता. "केंद्राचे अधिकार केंद्राला, राज्याचे राज्याला, उरलेले सगळे जनतेला," पुरी मोडत ते म्हणाले. "सत्ता अशी वाटलेली आहे, म्हणून इथे कुणाची दादागिरी चालत नाही."

"खरंय काका. 'नाही' म्हणायचा अधिकार दोघांनाही आहे. 'हो' म्हणायचा कुणाच्या वाट्याला आलाय, ते परीक्षेत होतं का?"

"तू फार मनाला लावून घेतेस," काका म्हणाले.

मी माझा डबा उचलला आणि दुकानात जायला भर दुपारी चालत निघाले. फूटपाथ नव्हताच, रस्त्याकडेच्या गवतातून चालले होते. मागून पोलिसांची गाडी येऊन थांबली. तुमची गाडी बंद पडली का, असं पोलिसाने काळजीने विचारलं. नाही, मी चालतेच आहे, म्हटल्यावर त्याची काळजी संपली.

"मग लायसन्स दाखवा," तो म्हणाला.