मुखपृष्ठावरचा चेहरा
काल घर रंगवायला आलेल्या पेंटरनं टर्पेंटाइनचा डबा उघडला आणि त्या वासानं मी उठून अंगणात गेलो. तरुणपणी मी गुलमंडीजवळच्या एका फोटो स्टुडिओत त्याच वासात बसून बारीक ब्रशानं फोटोंवरचे डाग घालवायचो. एकदा संगीताच्या मासिकाचे संपादक एका गायिकेचा फोटो घेऊन आले. म्हणाले, "मुखपृष्ठ आहे, चेहऱ्यावर देवीच्या रोगाचा एकही व्रण दिसायला नको." मी तिचे गाल लोण्यासारखे करून दिले. तेच चित्र पुढं पाचोडच्या कार्यक्रमाच्या पोस्टरवर लागलं, आणि मी मासिकाचा तो अंक घेऊन मोठ्या हौसेनं ऐकायला गेलो. बाईंनी सूर लावला तोच मागून कुणीतरी ओरडलं, "ही नाय ती! खरी बाई आणा!" पहिला दगड पेटीवर आदळला. बाई पदरानं तोंड झाकून खाली बसल्या. हातातला अंक सदऱ्यात कोंबून मी मिळेल त्या बसनं पळालो. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओ उघडायला गेलो, तर संपादकांकडून पत्ता घेऊन बाई पायरीवर उभ्या. वाटलं, आता पायातली चप्पल काढतात. पण त्या आत आल्या, दिव्याखालच्या स्टुलावर बसल्या आणि पिशवीतून तोच अंक काढून माझ्यापुढं ठेवत म्हणाल्या, "भाऊ, हे तुमीच केलं ना? मग मला बी असंच करून द्या. संध्याकाळी चिकलठाण्याला प्रोग्राम हाय, लई भ्या वाटतंय." आणि डोळे मिटून त्यांनी चेहरा पुढं केला. काल मी पेंटरला सांगितलं, भिंतीवरचे डाग तसेच राहू द्या.