मीटरची चकती

बारामतीच्या आमच्या घरात वीज आली तेव्हा मीटर एकच बसला आणि त्यावर बिऱ्हाडं तीन. मागे आम्ही, मधल्या खोलीत भाड्याने राहणारे शाळेतले गुरुजी आणि रस्त्याकडच्या खोलीत इंदापूरहून आलेला शिंपी. आमचे हे शेतीपायी डाळजला असत, त्यामुळे घर माझ्याच अंगावर. विजेचे पैसे दिव्यागणिक ठरले होते, पण बिल काही त्यात कधी बसायचं नाही.

माझा संशय शिंप्यावर. त्याच्या कपड्यांना अशी कडक घडी असायची की याने विजेची इस्त्री लपवलीय, हे मी धरूनच चालले. दसऱ्याच्या सुमारास, बाजाराच्या दिवशी, गिऱ्हाइकांदेखत मी त्याला म्हटलं, "मास्तर, वीज चोरायची आसंल तर दुसरीकडं जागा बघा. महिनाअखेरीला खोली मोकळी करा."

त्याने कोळशाची इस्त्री उचलून दाखवली. "माझी इस्त्री ही हितं हाय, वहिनी. दुसरी न्हाय."

मी ऐकून घेतलं नाही. एकदा ठरवलं की ठरवलं, हा माझा गुण म्हणा, खोड म्हणा. पण पुरावा हवा होता, आणि खोलीगणिक वेगळा मीटर घ्यायची ऐपत नव्हती. काचेआडची चकती दिवा जळत असेल तरच फिरते आणि तिच्यावर एक तांबडी खूण असते, एवढं वायरमनकडून कळलं होतं. मग काय, दुसऱ्याच दुपारी स्टूल मांडून वर चढले, हातात यांचं घड्याळ. एका वेळी एकाच खोलीचा दिवा लावायचा आणि खूण फिरून परत यायला किती वेळ लागतो ते बघायचं. फुकटातलं काम! गुरुजी आणि शिंपी दोघांनाही समोर उभं केलं.

आधी सगळे दिवे बंद करायला लावले. चकती थांबेना. हळूहळू का होईना, फिरतच होती.

"बघा!" मी ओरडले. "मास्तर, आत काय लावून ठेवलंय?"

शिंप्याने आपल्या खोलीचा फ्यूज काढून माझ्या तळहातावर ठेवला. चकती फिरतच राहिली. गुरुजींनी त्यांचा काढला, तरी तेच. आता राहिलं कोण? मीच.

घरभर हिंडले आणि देव्हाऱ्यापाशी थबकले. तेलाचा नंदादीप वाऱ्याने विझायचा, म्हणून वीज आल्या दिवसापासून तिथे मीच बल्ब लावला होता. रात्रंदिवस तो कधी बंद झाला नव्हता. देवाच्या दिव्यालाही वीज लागते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तो बंद केला. चकती थांबली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुरुजी म्हणाले, "जाऊ द्या, आपल्या तिघांतच राहील." पण शिंप्याला चोर मी चारचौघांत म्हटलं होतं. घरात कुजबुजून ते कसं निस्तरणार? पुढच्या बाजाराला दुकान गिऱ्हाइकांनी भरेपर्यंत थांबले आणि दारात उभी राहून मोठ्याने म्हणाले, "वीज माझ्याच देव्हाऱ्यात जळत हुती. मास्तरांवर मी खोटा आळ घेतला. मास्तर, खोली सोडू नका."

शिंप्याने मशीन थांबवलं, मान मात्र वर केली नाही.

"वहिनी, जरा दारातनं सरका, उजेड अडतोय," तो म्हणाला. "हे पोलकं दिवाळीला द्यायचं हाय."

मी दिलेली मुदत दिवाळीच्या आधीच संपत होती.