तळ्यात गाळ परत टाकताना

पेठच्या वरच्या अंगाला आमचं गाव. सरपंचपद राखीव झालं आणि बौद्धवस्तीतली सून असलेली मी सरपंच झाले. गावतळं तेव्हा गाळानं निम्मं भरलेलं. पाऊसही पूर्वीसारखा धरून पडत नव्हता. चार दिवस कोसळायचा आणि गायब व्हायचा. तळ्यातलं पाणी कसंबसं होळीपर्यंत पुरायचं.

अशात रस्त्याचं काम घेतलेला एक ठेकेदार ग्रामपंचायतीत आला. "गाळ फुकट काढून देतो. खालचा मुरूम तेवढा आमाला."

मी विचारलं, "खणणार किती खोल?"

ग्रामसेवक म्हणाले, "बाई, फुकट होतंय तर कशाला फाटे फोडता? करा सही." सदस्यांनी माना डोलावल्या. मी सही केली.

जेसीबीनं गाळ काठावर ढिगानं टाकला आणि डंपर मुरूम भरून पळायला लागले. तळ खोलच खोल चालला, तशी मी डंपरपुढं आडवी उभी राहिले. मुकादम हसून म्हणाला, "ताई, सही तुमचीच हाय की."

त्या पावसाळ्यात तळं तुडुंब भरलं. लोकांनी नारळ फोडला. दसऱ्यापर्यंत सगळं पाणी जमिनीत जिरलं. पाणी धरणारी चिकण माती खरवडून गेली होती. "बाईनं तळं इकलं," असं गावभर झालं. धुणं घेऊन दूरच्या ओढ्यावर जाणारी माझी सासूही माझ्याशी बोलेना.

मी घोडेगावला तालुक्याच्या कचेरीत गेले. साहेबांनी फाईल चाळली. "गाळ काढला, काम पूर्ण. अडचण काय?"

"गाळ परत टाकायचाय. त्याबिगर तळ पाणी धरणार नाही."

शेजारच्या टेबलांवरही हसू फुटलं. "त्याला हेडच नाही, बाई. खर्च कुठल्या खात्यात दाखवायचा?"

तीन खेपा मारल्या. शेवटी वस्तीतल्या आम्ही बायका घमेली घेऊन तळ्यात उतरलो. निम्मा गाळ शेतकऱ्यांनी आधीच रानात नेला होता. तिसऱ्या दिवशी मळ्यातले एक म्हातारे बाबा ट्रॅक्टर घेऊन आले. मला सगळ्यात जास्त बोलले होते ते हेच. "माझी बी गुरं हितंच पाणी पित्यात," एवढंच म्हणाले. मग गाळ पसरला, पाणी मारलं आणि त्यांचीच गुरं त्यावरून फिरवून तुडवून घेतला.

पुढच्या साली पाणी संक्रांतीपर्यंत टिकलं. लोक म्हणाले, बरं झालं. मला मात्र अजून राग येतो. एवढं राबूनही आम्ही मूळच्या होळीपर्यंत पोचलो नव्हतो.