शोभाचा पासवर्ड

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आजही नाही... तरी हे लिहितेय, कारण "पासवर्ड कुणाला देऊ नको" असं भाचा बजावतो, तेव्हा मला रडू येतं.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. नागपुरात सीताबर्डीवरच्या एका ऑफिसात मी आणि माझी मैत्रीण शोभा कॉम्प्युटरवर फॉर्म भरायचो. चपला बाहेर काढून एसी खोलीत शिरायचं, आपापला पासवर्ड टाकायचा. तो टाकला की हजेरी लागायची. दहा वाजून गेले की अर्धा दिवस कापला! म्हणून आम्ही पोरींनी एकमेकींचे पासवर्ड पाठच केले होते. फार हुशार समजायचो स्वतःला.

"मले उशीर झाला तर टाकून देजो वं," शोभा आदल्या दिवशी म्हणाली होती. त्या सकाळी तिची खुर्ची रिकामी पाहून मी टाकला.

अकराच्या सुमारास साहेबांनी केबिनमधून विचारलं, "शोभा आली काय?" हातात फोन.

मला वाटलं, हजेरी तपासतायत. "हो सर, बाथरूमले गेली."

त्यांनी स्क्रीनवर तिचं नाव पाहिलं आणि फोनवर सांगितलं, "आमची मुलगी इथंच आहे. ती दुसरी कोणी असंन."

फोन धंतोलीतल्या दवाखान्यातून होता. सायकलवरून येताना शोभाला ट्रकनं उडवलं होतं. पर्समध्ये ऑफिसचा कागद सापडला, एवढाच धागा. अर्धवट शुद्धीत ती आईला हाका मारत राहिली, असं नर्सनं मला नंतर सांगितलं. सव्वा वाजता गेली. दवाखाना पायी दहा मिनिटांवर... आणि मी डबा खात होते.

आता जे कळत नाही ते. मी फक्त पासवर्ड टाकला होता. त्या खुर्चीवर दिवसभर कुणी बसलं नाही. तरी दुसऱ्या दिवशीच्या प्रिंटआउटमध्ये तिच्या नावावर एकतीस फॉर्म भरलेले. आडनावापुढे दोन जागा सोडायची तिची खोडही तशीच. शेवटचा फॉर्म अर्धवट, वेळ सव्वा वाजताची. मशीन बिघडलं म्हणावं, तर खोड कुठून आली?

साहेबांनी फोनचं कुणाला सांगितलं नाही. मीही नाही. तो प्रिंटआउट मात्र तिच्या आईनं ऑफिसातून मागून नेला आणि जपून ठेवला. पोरीचा जीव तेवढा वेळ माझ्या शेजारीच होता, अशी तिची समजूत. मी भेटायला गेले की प्रत्येक वेळी विचारायची, "तू तर बाजूलेच होती. मले हाक मारली काय वं तिनं?"

मी म्हणायचे, "नाही, काकू."