मागचं अर्धं गोदाम

गोदामात माल येतो आणि जातो. किस्से मात्र आले की जातच नाहीत! त्यांना न्यायला कोणी गाडी पाठवत नाही, आणि कितीही थर रचले तरी तळातला दबत नाही. मला रोज चार ओळी लिहून ठेवायची सवय आहे, त्यामुळे माझ्याकडे तर त्यांची रासच झाली आहे. त्यातले थोडे आज खाली उतरवतो.

हे गोदाम डब्लिनच्या उत्तरेला, सँट्रीत. विमानतळ इतका जवळ, की उतरणाऱ्या विमानाची सावली आमच्या पत्र्यावरून मांजरासारखी चालत जाई. धंद्याचा मालक शिरीष, मूळचा अकोल्याचा. २०१५ मध्ये ॲथलोनच्या एका टेलिकॉम कंपनीतली बरी नोकरी सोडून त्यानं हे गोदाम भाड्यानं घेतलं, तेव्हा त्याच्या डॉक्टर बायकोनं, मंजिरीनं, एवढंच विचारलं,

"आत काय ठेवणार?"

"लोकांचं सामान."

"आणि लोक कुठून येणार?"

"ऑनलाइन!"

हे लोक ऑनलाइन आणायचं काम माझ्याकडे आलं. माझी बायकोही इथल्या सरकारी हॉस्पिटलात डॉक्टर. मी तिच्यामागून आलेला. पुण्यात मी एका ट्रान्सपोर्ट कंपनीत बिल्ट्या लिहायचो. ऑनलाइन मार्केटिंग शिकलो ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, फुकटचे व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघून. शिरीष म्हणाला, "सुधीरदादा, तुम्हाला घाई नसते. हे काम तुम्हालाच जमेल."

गोदामाचा पुढचा अर्धा भाग लवकर भरला. मागचा अर्धा रिकामाच राहिला. तिथं छतात मधूनमधून पारदर्शक पत्रे होते. ढग सरकले की जमिनीवर उजेडाची तळी हलायची. शिरीष एका पालथ्या क्रेटवर चहा घेऊन तिथं बसायचा आणि रिकाम्या रॅककडे असा बघायचा, जसं काही त्याला तिथं काहीतरी दिसतंय.

जागेच्या मालकानं स्पष्ट सांगून ठेवलं होतं: २०१८ च्या ऑगस्टअखेर, एक तर सगळं गोदाम पुढच्या कराराने घ्या, नाहीतर सगळं सोडा. अर्धं भरलेलं गोदाम परवडत नव्हतं. सोडलं, तर शिरीष पुन्हा ॲथलोनला, आणि साठीला टेकलेला आमचा फोर्कलिफ्टवाला डेक्लन कायमचा घरी. पुढच्या सगळ्या गमती घडल्या त्या या एका धास्तीच्या सावलीत.

* * *

पहिली जाहिरात मी फार विचार करून लिहिली. "जागा मिळेल. विमानतळाजवळ. कोरडी, सुरक्षित. चोवीस तास कॅमेरा."

दोन दिवसांत इनबॉक्स भरून वाहायला लागला! शिरीष नाचायचाच बाकी होता. मग मी ईमेल उघडायला सुरुवात केली.

"आम्ही दोघंही नोकरी करतो. सिगारेट ओढत नाही. पाळीव प्राणी नाहीत. आधीच्या घरमालकांचं पत्र जोडलं आहे."

डब्लिनमध्ये भाड्याचं घर मिळणं म्हणजे तेव्हा दिव्यच झालं होतं. लोक "जागा" हा शब्द दिसला की पुढचं वाचतच नव्हते. मी सगळ्यांना क्षमा मागणारं उत्तर पाठवलं, तरी शनिवारी सकाळी गेटबाहेर बारीक पावसात रांग उभी राहिली. डेक्लनला कोणाला परत पाठवणं जमेना. त्यानं सगळ्यांना आत घेतलं आणि गोदाम दाखवलं.

"हीटिंग नाही," तो रॅककडे बोट करून म्हणाला, "पण तिसऱ्या फळीवरून डोंगर दिसतात. ग्रँड व्ह्यू आहे!"

सगळे हसले. एक मुलगी तेवढी हसली नाही. तिनं मान वर करून तिसऱ्या फळीकडे नीट पाहिलं आणि विचारलं,

"कधीपासून मिळेल?"

* * *

मग आम्ही व्हिडिओ चॅनल काढलं. विमानतळ शेजारी, म्हणून ड्रोन उडवायला बंदी. शेवटी डेक्लननं मला फोर्कलिफ्टच्या पिंजऱ्यात उभं केलं आणि हळूहळू वर चढवलं. मी फोन धरून शूटिंग करतोय, खाली शिरीष बोलतोय, "आमचं गोदाम अत्यंत शांत परिसरात..." आणि वरून विमान!

पुन्हा घेतलं. पुन्हा विमान. दुपार झाली, शिरीषचा घसा बसला, आणि शेवटी आम्ही आहे तसा व्हिडिओ टाकून दिला.

हळूहळू बघणारे वाढायला लागले. खाली कॉमेंट येऊ लागल्या. "सुंदर!" "असा कोन कुठेच बघायला मिळत नाही." "कृपया संध्याकाळचंही दाखवा." शिरीषचा ऊर भरून आला. मला शंका आली, म्हणून मी एकाला लिहून विचारलं, की गोदामाबद्दल आणखी काही माहिती हवी आहे का?

त्याचं उत्तर आलं, "कुठलं गोदाम?"

विमानं बघायचा छंद असलेली ती माणसं होती. डेक्लन मात्र खूष. त्या दिवसापासून तो विमान आलं की फोर्कलिफ्ट थांबवायचा, टोपी काढायचा आणि केस नीट करायचा.

* * *

शिरीषची आई दर उन्हाळ्यात अकोल्याहून मुक्कामाला यायची. आम्ही सगळे त्यांना काकूच म्हणायचो. २०१६ मध्ये काकूंनी शिरीषला उदास बसलेलं पाहिलं.

"काहून रे पोट्ट्या, तोंड उतरवून बसला?"

"आपलं पेज कोणी लाइक करत नाही, आई."

काकूंनी फोन उचलला. दोन दिवस त्यांनी दुसरं काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या पेजवर लाइक्सचा पूर आला! सोबत पाच-पाच तारे आणि शिफारसी. "शिरीष लहानपणापासून हुशार." "गोडाऊन स्वच्छ दिसते. जेवत जा वेळेवर." एका मामांनी तर थेट कंपनीच्या पेजवर लिहिलं, "मंजिरीला म्हणावं, तिचा डबा आमच्याकडे राहिला आहे."

इथवर ठीक होतं. पण जाहिरात दाखवणारं यंत्र बिचारं सरळमार्गी. ज्यांना हे पेज आवडतं, तशाच माणसांना जाहिरात दाखवायची, एवढंच त्याला ठाऊक. माझ्या लक्षात येईपर्यंत महिनाभराची आमची सगळी जाहिरात अकोल्यात दिसून गेली होती.

डेक्लनला हे समजावून सांगितलं. तो गंभीरपणे म्हणाला, "म्हणजे आपण अकोल्यात फार मोठे आहोत."

मी हे काकूंना मराठीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग? अकोला काय लहान हाये का?"

* * *

एकदा शहराच्या दक्षिणेकडच्या सँडीफोर्डहून मार्केटिंगचा एक सल्लागार आला होता. छान बूट, छान लॅपटॉप. त्यानं आम्हा सगळ्यांना रिकाम्या अर्ध्या भागात गोल बसवलं आणि म्हणाला, "डोळे मिटा. ग्राहकाला तुम्ही कोणतं वचन देता, ते मनात आणा."

आम्ही डोळे मिटले. छतावर पाऊस वाजत होता. मला तर कोणतं वचन वगैरे काही आठवेना, नुसतं बरं वाटत होतं.

"डेक्लन, तुम्ही सांगा."

डेक्लननं डोळे न उघडताच सांगितलं, "पाच वाजता बंद."

* * *

वेबसाइटवर मी चॅटची खिडकी बसवली. "आम्हाला काहीही विचारा!" दुपारी मी इतर कामात असलो की डेक्लन ती सांभाळायचा. एका महिन्याच्या रिपोर्टात दिसलं, की पश्चिम किनाऱ्यावरचा कुणी एक माणूस जवळजवळ रोज साइटवर येतोय आणि बराच वेळ थांबतोय.

शिरीष खुर्चीतून उठलाच! "दादा, हा मोठा मासा आहे. हा मागचा अर्धा घेणार. काय विचारतो तो?"

डेक्लनला बोलावलं.

"युअर मॅन?" डेक्लन म्हणाला. 'तो माणूस' म्हणायची ही इथली रीत. "शेतकरी आहे. फार भला माणूस. बटाटे विकायला इंटरनेट शिकला, तेव्हा चुकून आपल्याकडे आला."

"त्याला जागा हवीय?"

"छे! त्याच्याकडे स्वतःची मोठी शेड आहे."

"मग तुम्ही रोज बोलता काय?" शिरीषचा आवाज चढला.

"पाऊस," डेक्लन म्हणाला. "पाऊस समुद्रावरून येतो. आधी त्याच्याकडे पडतो, मग आपल्याकडे. निघाला की तो मला कळवतो."

शिरीष काही बोलणार, तेवढ्यात डेक्लन शांतपणे म्हणाला, "बाहेर उतरवलेले आपले खोके आजवर कधी भिजलेत का?"

आम्ही आठवून पाहिलं. एकदाही नाही!

* * *

आता शेवटचा.

२०१७ च्या उन्हाळ्यात इथं सलग ऊन पडलं, तसं आयर्लंडमध्ये फारसं पडत नाही. काकूंना राहवेना. त्यांनी उडदाचं पीठ भिजवून कुटलं, पापड लाटले, आणि गोदामाच्या फरसबंद अंगणात धुतलेल्या लाकडी पॅलेटवर जुन्या सुती साड्या अंथरून ते वाळत घातले. समुद्रपक्षी फार, म्हणून डेक्लन झाडू घेऊन राखणीला. पांढरे पापड, पांढरे पक्षी, आणि मध्ये हिरव्या लुगड्यातल्या काकू. नेमकी त्याच वेळी, रस्त्यांचे फोटो काढत फिरणारी ती नकाशावाल्यांची गाडी गेटसमोरून गेली.

पुढच्या वसंतात तो फोटो नकाशावर आला. आमचं नाव शोधलं, की सगळ्यात आधी पापड! नियमाप्रमाणे माणसांचे चेहरे पुसट केलेले. काकू पुन्हा आल्यावर मंजिरीनं त्यांना तो दाखवला.

"माह्यं तोंड काहून पुसलं?" काकू खवळल्या. "पापड तं बराबर दिसू रायले!"

शिरीषला हसू आलं नाही. "तीन वर्षं आपण प्रोफेशनल दिसायची धडपड केली, दादा. हा फोटो काढून टाकायला सांगा." मी रीतसर विनंती पाठवली. उत्तर आलं नाही.

ऑगस्ट उजाडला. मागचा अर्धा रिकामाच. शिरीष ॲथलोनला जाऊन मुलाखत देऊन आला. त्यांनी त्याला सप्टेंबरपासून यायला सांगितलं. डेक्लननं फोर्कलिफ्ट घासूनपुसून इतका लखलखीत केला, की मला त्याच्याकडे बघवेना.

त्याच आठवड्यात एक बाई आली. नाव नोरीन, वय डेक्लनएवढं, गाडीभर मातीचा वास. ती फुलांचं आणि भाज्यांचं बियाणं ऑनलाइन विकायची. तिच्या जुन्या शेडमध्ये ओल शिरली होती.

"हिवाळ्यात एक दिवस दार उघडलं," ती म्हणाली, "तर पाकिटांतच सगळं उगवलेलं. अंधारात. पांढरं पांढरं."

ती ते असं म्हणाली, की आम्ही तिघंही क्षणभर त्या शेडच्या दारात उभे राहिलो.

मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. "आम्हाला कुठे पाहिलंत? जाहिरात? व्हिडिओ? पेज?"

"नकाशावर," नोरीन म्हणाली. "विमानतळापासून बंदरापर्यंतची सगळी गोदामं मी बघितली. 'कोरडी जागा' असं प्रत्येक जण लिहितो. अंगणात खाणं वाळत घातलेलं फक्त तुमच्याकडे दिसलं."

शिरीषनं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

तिनं रॅक पाहिले नाहीत, कॅमेरे पाहिले नाहीत. मागच्या अर्ध्या भागात उजेडाच्या तळ्यात थोडा वेळ उभी राहिली, हात पसरून, जशी माणसं पाऊस आला का ते बघतात. मग म्हणाली, "ती बाई कुठे आहे?"

काकू अंगणातच होत्या. त्या उन्हाळ्यात तर गवतसुद्धा पिवळं पडलं होतं. पापडांना काय तोटा! नोरीननं वाकून एक पापड उचलला, कानाजवळ नेला आणि मोडला. कट्! तिनं मान हलवली.

"मागचा अर्धा सगळा हवा," ती शिरीषला म्हणाली. "पाच वर्षांसाठी. पण एक अट आहे."

डेक्लन झाडू धरून थिजला. शिरीषच्या आधी मीच म्हणालो, "सांगा."

"दर उन्हाळ्यात इथं हे वाळत घातलं पाहिजे. मी येऊन बघणार."

शिरीषनं आईकडे वळून सगळं मराठीत सांगितलं: बियाणं, पाच वर्षं, अट. काकूंनी ऐकून घेतलं. नोरीनकडे एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं. उरलेले पापड उलटवत राहिल्या. आमचा जीव टांगणीला!

शेवटचा पापड उलटवून झाल्यावर त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"घालीन म्हना," काकू म्हणाल्या. "पन उडीद तिचे!"