कागदावर नसलेलं खळं

दसरा झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी रुक्मिणीकाकी ओसरीची ताटी काढायला घ्यायची. पावसाची झड अडवायला ज्येष्ठात बांधलेली ती विणलेल्या झावळ्यांची ताटी उतरवताना आकाशात ढग असले तरी तिला त्याचं काही नसे. आमच्या डिचोलीकडे पाऊस तसा दिवाळीपर्यंत रेंगाळतो. रस्त्यावरून जाणारे हसत विचारायचे, "काकी, पावस गेलो?" ती कोयत्याने सुंभ कापत म्हणायची, "पावसाक कळना जाल्यार कोणें तरी सांगूंक जाय मरे!"

काकी आमची शेजारीण. नवरा लवकर वारलेला, मूलबाळ नाही, आणि भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीवर तीन पिढ्यांपासून मुंडकार, म्हणजे घरापुरतं कूळ, म्हणून बांधलेलं मातीचं घर. ताटी उतरली की भिंतींना लाल मातीचा गिलावा, मग भाताची कणगी उन्हात, आणि शेवटी खळं. पावसाळ्यात गुडघाभर गवत माजलेलं अंगण ती खणायची, दगड वेचायची, पाणी शिंपून माती मऊ करायची आणि पेटणें, म्हणजे लाकडी चोपणं, घेऊन आठवडाभर बडवत राहायची. वरून शेणाचं सारवण. आजूबाजूच्या बायका मदतीला जायच्या, पण शेवटचा हात तिचाच.

गोवा राज्य झालं त्याच वर्षी मी पदवीधर झाले. आमच्या घरातली पहिलीच. त्याच वर्षी खाणीच्या कंत्राटदाराने भाटकाराला गाठलं. पावसाळा संपून ट्रक सुरू होण्याआधी त्याला काकीच्या दारातून नवा रस्ता काढायचा होता, तुळशीपासून पार पायवाटेपर्यंत. कंत्राटदार गावचाच. ओसरीच्या पायरीवर बसून सांगू लागला, "काकी, हंय तण सोडून कितें आसा?"

"पावसांत तुज्या घराच्या कौलांर सुद्दां तण येता. म्हणून तें घर न्हय?"

तिने मामलेदारांकडे अर्ज करायचं ठरवलं. लिहायला मी. कोंकणी की मराठी यावरून तेव्हा गावात भाऊ भावाशी बोलत नव्हता, म्हणून मी भीतभीत विचारलं, कोणत्या भाषेत लिहू? "मामलेदार धांवत येतलो अशे भाशेंत," ती म्हणाली. मी शाळेत शिकवल्याप्रमाणे शुद्ध मराठीत तीन पानं लिहिली. सोबत घराचा नकाशाही जोडला. पट्टी धरून चार भिंती काढल्या, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी, दारं, खिडक्या. स्वतःवर फार खूश होते मी.

पहिल्या सुनावणीला भाटकाराच्या वकिलाने तोच नकाशा वर धरला. घर यांचंच आहे, आमचं काही म्हणणं नाही. पण यांच्याच नकाशात अंगण कुठे आहे?

कुठेच नव्हतं. कायदा मुंडकाराला घरासोबत वापरातलं अंगणही देत होता, पण भिंतींच्या बाहेर मी काही काढलंच नव्हतं. मामलेदारांनी जागेची पाहणी करायचं ठरवलं. परतीच्या बसमध्ये मी रडत होते. काकीने तो कागद मागून घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि परत माझ्या मांडीवर ठेवला. "तुवें कागदार काडूंक ना? जावं दी. हांव जमनीर काडटां."

त्या वर्षी तिने खळं पायवाटेला भिडेपर्यंत केलं. कोपरेसुद्धा सोडले नाहीत. हाताला फोड आले, तिने चिंधी बांधली. मी पेटणें घ्यायला गेले तर म्हणाली, "धर, पूण कंबर वाकय. हें कॉलेज न्हय." पाहणीच्या दिवशी पहाटे उठून तिने सगळं खळं नव्याने सारवलं.

मामलेदार जीपमधून उतरून पायवाटेवरच उभे राहिले. मी आणि काकी ओसरीवर. इतक्यात कंत्राटदार आला. समोर हिरवट ओलं, आरशासारखं सारवण. त्याने चपला काढल्या, हातात घेतल्या आणि कडेकडेने, कुंपणाला चिकटून, लांबचा वळसा घालत ओसरीपर्यंत आला.

"सरळ का नाही आलात?" मामलेदारांनी तिथूनच विचारलं.

"ओलं आहे, साहेब."

"काय ओलं आहे?"

"खळं," तो म्हणाला. मग स्वतःच्या हातातल्या चपलांकडे पाहिलं.

मामलेदारांनी वहीत काहीतरी लिहिलं. लेखी निकाल यायला दोन पावसाळे गेले, पण ट्रकांचा रस्ता त्याच हंगामात टेकडीच्या पलीकडून काढावा लागला. काकी आता नाही. पुढे मी तालुक्याच्या कचेरीत नोकरीला लागले, लोकांचे अर्ज हातून जाऊ लागले. जोडलेला नकाशा पाहिला की समोरच्याला मी आधी विचारते, पाय कुठे धुता, भात कुठे वाळवता, संध्याकाळी बसता कुठे?

त्या दिवशी मात्र जीप गेल्यावर कंत्राटदार तसाच चपला हातात धरून ओसरीच्या टोकाला उभा होता. पुन्हा कुंपणाकडे वळणार, तेवढ्यात काकी म्हणाली, "आतां मदल्यानच वच. पांय दवर. खळें म्हूण तुवेंच सांगलें न्हय? म्हजें खळें, हांव म्हणटां, वच."

तो गेला, मान खाली घालून, बरोब्बर मधून. सारवणात उमटलेली त्याची ती आठ-दहा पावलं काकीने दिवाळीपर्यंत सारवली नाहीत.