विमानाची लाइट मी घालवली

कसं सांगू, मंडळी! हसणार असाल तर कप आधी खाली ठेवा.

बत्तीस वर्षं मी देवासच्या वीज खात्यात. त्यातली निम्मी पीपलरावां गावाला वीज नेणाऱ्या लाइनवर, म्हणजे फीडरवर. लाइट गेली म्हणून कुणाचा फोन आला की माझं उत्तर ठरलेलं, "भिया, लोड तुम्हारा ही ज्यादा है!"

तर आम्ही दोघं लेकीच्या बाळंतपणाला लंडनला निघालो. दिवस अजून भरायचे होते. पण विमान हवेत असतानाच, विमानातल्या इंटरनेटवर जावयाचा मेसेज : "आत नेलंय. कळवतो."

हिचा जीव टांगणीला. "अहो, बॅटरी संपत आलीये!"

मी घरून आणलेला एक्स्टेन्शन बोर्ड काढला. खिडक्या बंद, सगळा अंधार. सीटखाली चाचपडत पिन खोचली, बोर्डात चार्जर लावला, बटण दाबलं...

आणि वाटेतले मंद दिवे लुकलुकले! सीटसमोरचे टीव्हीचे पडदे काळे! इंटरनेट गायब!

"काय केलंत हो?"

"मी? छे!"

तेवढ्यात पायलट बोलला. एक जनरेटर बंद पडलाय, दुसरा चालू आहे, काळजी नको. लोड कमी करायला सीटचे प्लग आणि सॅटेलाइटचं इंटरनेट तेवढं बंद केलंय.

लोड! मला दरदरून घाम फुटला. तिकडे लेक आत, इकडे विमानभर माणसं, आणि जनरेटर कुणी उडवला? मी! विमानाच्या छतावरच्या सॅटेलाइटच्या यंत्राला वीजच नाही तर निरोप यायचा कुठून? ही रामरक्षा म्हणतेय, आणि मला दिसतायत लंडनचे पोलीस!

अर्धा तास कळ काढली. मग एअर होस्टेसला हात जोडले. "बेटी, जनरेटर मैंने उड़ाया. नीचे मेरा बोर्ड है."

"आपने?" टॉर्च घेऊन ती वाकली. बराच वेळ वर येईना. नुसते खांदे हलत होते.

"अंकल, आपका प्लग तो आपके ही बोर्ड में लगा है!"

म्हणजे विमानाची कणभर वीज मी घेतलीच नव्हती!

थोड्या वेळाने पायलटने राखीव जनरेटर जोडला. पडदे उजळले, इंटरनेट आलं. पिन त्या पोरीनेच नीट लावून दिली. फोन वाजला : "मुलगी झाली. दोघी छान. तुम्ही ठीक ना?"

ही रडत रडत उत्तर लिहीत होती. मी डोकावलो.

"आम्ही ठीक. बाळाला एवढंच सांगा, आजोबा पोस्टात होते."